पिशवी, संमतीपत्र आणि हुकलेला हंगाम: माझा अनुभव

"समितीची पुढची बैठक कधी आहे?" हा प्रश्न त्या वर्षी मी फोनवर इतक्या वेळा विचारला की घरात त्याची चेष्टा सुरू झाली. भाऊ जेवायला बसला की म्हणायचा, "भाकरीची पुढची बैठक कधी आहे?" राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून लिहून काढतेय. शिवाय परवा गावाकडच्या एका मुलीचा फोन आला. नर्सिंग झालंय, ताई, मला ग्लोबल हेल्थमध्ये, म्हणजे जागतिक आरोग्याच्या संशोधनात जायचंय, काय करू? अर्धा तास बोलले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी तिला एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी नीतिमत्ता समिती, सोडून दुसरं काहीच सांगितलं नव्हतं.

तर थोडक्यात आधीचं. बी. एस्सी. नर्सिंग, दोन वर्षं दवाखान्यात, मग सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, एम. पी. एच. या क्षेत्रात यायला डॉक्टरच असावं लागतं असं नाही. फील्ड इन्व्हेस्टिगेटर, मग रिसर्च असिस्टंट, अशा पायऱ्या असतात. मला पहिली नोकरी एका प्रकल्पावर मिळाली. परदेशातलं एक विद्यापीठ, मुंबईतली एक संस्था आणि तीन ठिकाणी फील्ड. त्यातलं एक आमचा बीड जिल्हा. विषय, ऊसतोड करणाऱ्या बायकांचं आरोग्य. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीडमधल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं होतं. हा आकडा जगभर छापून आला. मला तो वाचायला लागला नाही. माझ्या मावशीची पिशवी काढली तेव्हा ती तिशीतसुद्धा नव्हती.

पिशवी. हा शब्द लक्षात ठेवा.

प्रकल्पात परदेशी पैसा असेल तर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, म्हणजे एचएमएससीची, परवानगी लागते. ते मुंबईच्या संस्थेतल्या मॅडमनी बघितलं, मला त्याची झळ लागली नाही. पण प्रत्येक ठिकाणची स्थानिक एथिक्स वेगळी. मॅडम म्हणाल्या, "तू तिथलीच आहेस, तूच कर. सहा आठवड्यांत होईल." आमच्याकडं माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, कोयता (नवरा-बायकोची जोडी) ठरलेला असतो, ट्रॅक्टर दारात येतो आणि दोन दिवसांत वस्ती मोकळी होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटक. परत यायला मार्च-एप्रिल. म्हणजे सप्टेंबरच्या आत मुलाखती उरकायच्या. मी जूनमध्ये अर्ज घेऊन गेले. भरपूर वेळ होता, असं वाटलं.

ज्या कॉलेजच्या समितीकडं गेले त्याचं नाव लिहीत नाही. अडीच तास एसटी, उतरल्यावर रिक्षा, तिसऱ्या मजल्यावर टोकाची खोली. तिथल्या बाबूंनी फाइल हातात न घेता वजनावरूनच सांगितलं, "चौदा प्रती लागतील. आणि डीडी वेगळ्या नावानं काढा." वेगळ्या म्हणजे कोणत्या, ते दुसऱ्या खेपेला कळलं. (हे आधी विचारा. डीडी कुणाच्या नावानं आणि बैठकांचं वर्षभराचं वेळापत्रक काय, हे दोन प्रश्न अर्ज लिहायला बसण्याआधी. मी नंतर विचारले.)

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वाटा आहेत: सूट, लवकर होणारी छाननी आणि पूर्ण समितीसमोरची छाननी. आमच्या बायका गरीब, स्थलांतरित, बहुतेक निरक्षर. म्हणजे असुरक्षित गट, म्हणजे पूर्ण समिती. हे बरोबरच आहे. पण पूर्ण समितीला कोरम, म्हणजे ठरलेली हजेरी लागते. किमान पाच जण हवेत, वैद्यकीय आणि बिगरवैद्यकीय दोन्ही, आणि एक तरी बाहेरचा. जुलैच्या बैठकीला डॉक्टर सगळे हजर, बाहेरचं कुणीच नाही. बैठक रद्द. मी व्हरांड्यात बाकड्यावर चार तास बसले होते. शिपायानं येऊन सांगितलं, "मॅडम, तुम्ही जा आता, पंखा बंद करायचाय."

ऑगस्टमध्ये बैठक झाली. मला आत बोलावलं. एक डॉक्टर संमतीपत्राचं मराठी पान वर धरून म्हणाले, "ही पिशवी काय आहे? हे शास्त्रीय कागदपत्र आहे."

त्याचं असं झालं होतं. पुण्याच्या एका भाषांतरकारानं केलेलं पत्रक आधी आलं होतं: "सदर अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कारण न देता माघार घेऊ शकता." मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कोर्टाचा कागद हाय का?" मग मी रात्रभर बसून नवं लिहिलं. "तुम्हाला वाटलं तर बोला. नको वाटलं तर नाही म्हणा. मधेच उठून गेलात तरी चालेल, का ते सांगायची गरज नाही." आणि 'गर्भाशय शस्त्रक्रिया' खोडून 'पिशवी काढली' केलं, कारण बाई तसंच बोलते. गर्भाशय म्हटलं तर ती मान हलवते, हो म्हणते आणि तिला कळलेलं नसतं.

पण आता समितीला उलट भाषांतर हवं होतं. मराठीचं परत इंग्रजी करायचं, तेही मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून, प्रमाणपत्रासह. अर्थ सरकला नाही ना हे बघायची ही रीत जगभर आहे आणि चांगली आहे. मी पैसे भरून दुसऱ्या भाषांतरकाराला पाठवलं. त्यानं इमानेइतबारे केलं. पंधरा दिवसांनी कागद आला, त्यात प्रश्न क्रमांक सात होता: 'हॅव यू हॅड युअर बॅग रिमूव्ह्ड?'

मी आधी हसले. सप्टेंबरच्या बैठकीनंतर हसू आलं नाही, कारण समितीचा लेखी शेरा होता, 'बॅगचा संदर्भ स्पष्ट करावा'. स्पष्ट केला. उत्तर आलं, पुढच्या बैठकीत ठेवू. शेवटी तोडगा काय निघाला? 'गर्भाशय (पिशवी)'. एक शब्द कंसाबाहेर, एक कंसात. हे त्यांना ऑगस्टमध्ये पेन्सिलीनं लिहून देता आलं असतं.

मधेच आठवलं म्हणून सांगते: प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका. मी एका पानावर जुनी तारीख ठेवली आणि त्यावरून एक खेप वाढली. ती चूक माझीच. आणि जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, संशोधनाच्या नियमांचं प्रशिक्षण) प्रमाणपत्र संपलेलं नाही ना ते बघा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, आणि ती करताना मला आजही जड जातं. ऑगस्टच्या त्याच बैठकीत कोपऱ्यात एक निवृत्त शिक्षक बसले होते, समितीतले 'सामान्य नागरिक' सदस्य. बाकीचे पिशवीवर अडकलेले असताना ते शेवटच्या पानावर होते. अंगठा देणाऱ्या बाईसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. तिथं मी लिहिलं होतं, 'गावातील व्यक्ती, उदा. मुकादम किंवा ग्रामपंचायत सदस्य'. ते म्हणाले, "बाई, मुकादमासमोर कोण नाही म्हणेल हो?"

मला उत्तर सुचलं नाही. मी त्या गावची. उचल म्हणजे काय ते मला कळतं, मुकादमाचं देणं असलेल्या घरात आवाज किती खाली जातो तेही कळतं. आणि सोयीचं पडतं म्हणून मी त्यालाच साक्षीदार केला होता. एम. पी. एच. ला असताना तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्ममचं प्रकरण शिकले होते, २००९ चं. शाळकरी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी, लस देण्याच्या प्रकल्पात कितीतरी संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. परीक्षेत मी त्यावर लांबलचक उत्तर लिहिलं होतं. आम्ही साक्षीदार बदलला: शेजारची शिकलेली सून, शाळेतल्या बाई, बाईला जी चालेल ती.

तर मंजुरीचं पत्र दिवाळीनंतर आठव्या दिवशी मिळालं. मी तशीच गावात गेले. घरांना कुलपं. ओट्यावर म्हाताऱ्या आणि त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं. एका घराच्या दारावर ट्रॅक्टरच्या बोनेटवरचा झेंडूचा हार तसाच अडकवलेला, वाळून गेलेला. ऊसतोडीच्या ठिकाणच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर) जाऊन मुलाखती घ्याव्यात म्हटलं तर ते दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणजे आराखड्यात बदल, म्हणजे पुन्हा समिती. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "एप्रिलपर्यंत थांबू." हिवाळाभर मी टॅबलेटवर कोबो टूलबॉक्स या माहिती गोळा करायच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म बांधले आणि आर ही आकडेवारीची संगणकभाषा शिकले. परदेशातल्या ज्या अभ्यासक्रमाला पुढं माझी निवड झाली, त्याच्या अर्जात कामी आलं ते हेच रिकामपण. मुलाखतीत त्यांनी अडचणीच्या प्रसंगाबद्दल विचारलं तेव्हा मी मुकादमाचं सांगितलं. बॅगेचंही सांगणार होते, पण वेळ संपली.

त्या मुलीला सांगायचं राहिलं ते असं: नोकरीची जाहिरात बघताना पगाराबरोबर हेही विचार की एथिक्सचा अर्ज कोण करणार. 'तूच कर' म्हणाले तर घे. शिव्या देशील, पण संशोधन आतून कसं चालतं ते दुसरीकडं कुठं दिसत नाही. आणि मराठी पत्रक आधी घरी वाचून दाखव, मग समितीला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली मुलाखत. वस्तीवरच्या एक काकी, गच्चीवर कुरडयांचा चीक घेऊन बसलेल्या. मी शेजारी मांडी घालून पत्रक पूर्ण वाचून दाखवलं, कंसातली पिशवीही. त्यांनी हात न थांबवता ऐकलं. नाही म्हणायला चालतं, हे त्यांनी दोनदा वदवून घेतलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "म्या न्हाई म्हनलं तर तुही नौकरी जाईल का गं?"

"नाही काकी."

"मग आज न्हाई. ऊन हाय तवर हे घालू दे. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी गेले. नऊच्या एसटीनं.