मुरोत्सुचं खोल बंदर

मुरोत्सुच्या बंदरावर पोचलं तरी होड्या लगेच दिसत नाहीत. रस्त्याच्या पातळीला नुसत्या अँटेना आणि डोलकाठ्यांची टोकं दिसतात. काठाशी जाऊन विहिरीत डोकावल्यासारखं वाकलं की मग तळाशी पाणी, त्यावर मासेमारीच्या होड्या आणि भोवती उभ्या भिंती. आपल्या कोकणात बंदरं गाळानं बुजतात. इथे तळासकट जमीनच वर येते, आणि माणसं पिढ्यान्‌पिढ्या तो तळ पुन्हा खाली खणत आली आहेत.

हे गाव जपानच्या शिकोकू बेटाच्या आग्नेय टोकावर, मुरोतो भूशिराजवळ आहे. शिकोकूवरच्याच कोची शहराहून नाहारीपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. बस थोड्या, त्यात शिकोकूची अठ्ठ्याऐंशी देवळं फिरणारे पांढऱ्या अंगरख्यातले यात्रेकरू. कोचीतले दोन दिवस छान गेले, त्यांबद्दल एवढंच.

बंदर कातळ फोडून १६७९ साली पुरं झालं. काम तडीस नेणाऱ्या इचिकी गोन्बेनं त्यानंतर समुद्रदेवाला स्वतःचा जीव वाहिला. त्याचं छोटं देऊळ बंदराशेजारीच आहे. पण त्यानं खणलेली खोली पुढे टिकली नाही. १७०७ च्या भूकंपात इथली जमीन सुमारे १.८ मीटर वर आली, १८५४ ला १.२ आणि २१ डिसेंबर १९४६ च्या पहाटे १.१५ मीटर. तिन्ही वेळा बंदर एका दिवसात उथळ झालं.

भूकंपाच्या गप्पा सगळेच मारतात. मधल्या नव्वद ते दीडशे वर्षांबद्दल कोणी बोलत नाही याचा मला राग येतो, कारण खरी करामत तिथेच चालते. दक्षिणेला, शंभराहून थोड्या जास्त किलोमीटरवर नानकाई गर्ता, म्हणजे समुद्रतळाची लांबलचक खोल घळ आहे. तिथून फिलिपीन समुद्राचं भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, वर्षाला साधारण चार ते सहा सेंटिमीटर वेगानं शिकोकूच्या खाली शिरतं. दोन्ही पट्टांची घासणारी पृष्ठं मधल्या पट्ट्यात अडकलेली असल्यामुळे खालचं पट्ट वरच्याची कड स्वतःबरोबर ओढत नेतं. लवचीक फूटपट्टीची कड बोटानं ओढून खाली दाबली तर मागे फुगवटा येतो, तसंच हे. मुरोतो दबणाऱ्या कडेवर आहे आणि कोची शहर बरंच मागे, फुगणाऱ्या भागात. बोट सुटलं की कड उसळते आणि फुगवटा बसतो. १९४६ ला मुरोतो वर आलं तेव्हाच कोची मीटरभर खाली गेलं आणि तिथे समुद्राचं पाणी घुसून राहिलं. आता उलट चाललंय: कोची हळूहळू वर येतंय, मुरोतो वर्षाला पाच ते सात मिलिमीटर खाली जातंय.

हे मिलिमीटर मोजणं मोठं चिकट काम. किनारी रस्त्यानं साधारण दर दोन किलोमीटरवर पातळीखुणेचे दगड पुरलेले आहेत. दोन मोजपट्ट्या उभ्या करायच्या, दुर्बीण बरोबर मध्ये ठेवायची, दोन्हीकडचं वाचन घ्यायचं आणि पुढे सरकायचं. दुर्बीण मध्ये नसली तर पृथ्वीची वक्रता आणि हवेतलं किरणांचं वाकणं यांमुळे दोन्हीकडच्या वाचनांत येणाऱ्या चुका एकमेकींना खोडत नाहीत आणि चूक साठत जाते. म्हणून सगळी रेषा उलट दिशेनंही मोजतात. दुपारी डांबर तापलं की मोजपट्टीचे आकडे नाचू लागतात, आणि रस्ता रुंद करताना एखादा दगड हलला तर जुन्या मालिकेचा धागाच तुटतो. उपग्रहांवर चालणारी जपानची सुमारे १,३०० केंद्रं आडवी हालचाल उत्तम पकडतात, पण उभ्या हालचालीत त्यांची अचूकता दोन-तीन पटींनी कमी पडते. भरतीमापकावर भरवसा ठेवावा, तर कुरोशिओ या सागरी प्रवाहानं वळण बदललं की किनाऱ्यावर समुद्राचीच पातळी कित्येक सेंटिमीटर हलते. जमीन खचली की पाणी चढलं, हे वेगळं काढताना घाम फुटतो.

बंदरावरच्या देवळाच्या शंभरावर पायऱ्या चढून मी उठावाचा आणि खचण्याचा हिशेब मांडून पाहिला, तर तो जमेना. १.८ मीटरनंतर पुढचा भूकंप १४७ वर्षांनी आला आणि १.२ नंतर ९२ वर्षांनी. दोन्हींचा भागाकार वर्षाला बारा-तेरा मिलिमीटर. त्यातून खचणारे सात वजा केले तर वर्षाला निदान पाच उरायला हवेत. पण भूशिरावरचा सपाट माथा हा सव्वा लाख वर्षांपूर्वीचा समुद्रतळ आहे आणि त्याची उंची सुमारे १८० मीटर, म्हणजे वर्षाला जेमतेम दीड मिलिमीटर. मधला फरक काही अंशी भूकंपानंतरच्या पहिल्या वर्षांत जातो: खोलवरचा गरम, मऊ खडक वाहत राहतो आणि खचण्याचा वेग बदलतो. काही अंशी मला जुन्या आकड्यांचाच संशय येतो. १७०७ आणि १८५४ चे आकडे बंदराच्या जुन्या खोली-नोंदींवरून काढलेले आहेत, आणि ज्या बंदराचा तळ माणसं खणत होती तिथे खोली बदलली ती जमिनीमुळे की कुदळीमुळे?

ही नुसती खुसपटं नाहीत. ‘जेवढा उठाव, तेवढी पुढची उसंत’ हे गणित १९८० साली याच बंदराच्या आकड्यांवर मांडलं गेलं. त्यात १.१५ मीटर घातलं की ८८ वर्षं निघतात, म्हणजे १९४६ पासून मोजलं तर २०३४. पुढच्या मोठ्या भूकंपाच्या देशाच्या अधिकृत अंदाजात वर्षानुवर्षं हेच गणित होतं. २०२५ मध्ये मोजमापातली अनिश्चितता धरून तो सुधारला: पुढच्या तीस वर्षांत शक्यता साठ ते नव्वद टक्के किंवा जास्त, आणि उठावाचे आकडे न धरणाऱ्या दुसऱ्या पद्धतीनं वीस ते पन्नास. एका गावच्या बंदरावर केवढा हा भार!

जायचं असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा, मी न बघता गेले आणि तीन तास बसले. भूशिरावरच्या खडकांवर नळीकिड्यांची पांढरट खरबरीत पुटं दिसतात. जिवंत किडे भरती-ओहोटीच्या मधल्या रेषेजवळच राहतात, म्हणून त्यांच्या वर सुकलेलं पुट म्हणजे जुनी समुद्रपातळी. मोजायला टेप न्या, हातोडा नको. जिवंत पट्टा ओहोटीतच नीट दिसतो. मी निघाले तेव्हा तो पुन्हा पाण्याखाली गेला होता, आणि वरची पुटं कोरडीच होती.