तिसरी किल्ली

वसतिगृहाकडून आलेल्या यादीत बादली, मग, मच्छरदाणी, टेबललॅम्प असं बरंच काही होतं, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत 'कुलूप (स्वतःचे)'. बाकीच्या वस्तूंवर आमच्याकडे आठवडाभर खल झाला. बादली पुण्याहून न्यायची की तिकडे घ्यायची यावर तर दोन तट पडले. कुलपाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी मात्र रात्री आडवी झाले की त्या कंसात अडकायची. स्वतःचे.

लेक खरगपूरच्या आयआयटीला निघाली होती. परीक्षा मे महिन्यात संपली त्याच दिवशी नवऱ्याने जाहीर करून टाकलं होतं, की आता चौघांनी मिळून फिरणं पुन्हा कधी जमेल सांगता येत नाही, तेव्हा यंदा काय ते फिरून घ्या. आधी गुहागर, मग डलहौसी, मग खरगपूर. दहा आठवड्यांत तीन प्रवास. मधल्या काळात मोठी बॅग माळ्यावर चढवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. ती दिवाणखान्यातच पडून होती आणि धाकटा तिच्यावर बसून क्रिकेट बघायचा.

गुहागरला जाणं म्हणजे व्याडेश्वराचं दर्शन आणि वाडीतल्या घराचं कुलूप उघडणं. दर्शन दहा मिनिटांत होतं. सातारा, उंब्रज, पाटण करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. घर चिऱ्याचं, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. आता त्याचे वारस चार, चौघांकडे एकेक किल्ली, आणि आजवर एकानेही कधी आपली किल्ली आठवणीने आणलेली नाही. सगळे थेट शेजारच्या काकींच्या ओटीवर जाऊन उभे राहतात. काकी आत जातात, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालतात आणि खालून किल्ली काढून देतात. तांदळात गंजत नाही म्हणे. किल्ली गंजत नाही हे खरं, कुलूप मात्र समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षभर लटकलेलं असतं. यंदा ते उघडायला पंधरा मिनिटं आणि अर्धी वाटी खोबरेल लागलं. लेकीने उघडलं. तेलकट हात झाडाला पुसत म्हणाली, "बाबा, ह्या घराची माझी किल्ली कुठली?" तो म्हणाला, "माझी तीच तुझी." ती म्हणाली, "तुझी पुण्यात आहे." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

डलहौसी थंड होतं. फोटो आहेत.

डलहौसीपेक्षा तिथे नेणारी झेलम एक्सप्रेस मला जास्त जवळची, कारण आमच्या घराण्याचा एकमेव कायदा त्या गाडीत जन्माला आला. लेक तेव्हा सात वर्षांची होती, आम्ही जम्मूला निघालो होतो. बर्थखालच्या बॅगांना साखळी, साखळीला कुलूप आणि किल्ली तिच्या गळ्यात दोऱ्याने अडकवलेली, कारण तिला काहीतरी जबाबदारी हवी होती. मनमाड गेल्यावर कधीतरी तिने तो दोरा काढून हातात घेतला, केळं खाल्लं आणि सालीबरोबर किल्लीही खिडकीबाहेर भिरकावली. दुसरी किल्ली? ती घरी, देव्हाऱ्याखालच्या खणात, हरवू नये म्हणून नीट ठेवलेली. पुढचा अख्खा दिवस आम्ही टॉवेल, ब्रश, स्वेटर बाहेर ओढून काढत होतो, पण बॅगा काही बर्थपासून सुटेनात. झेलमला फौजींचा तोटा नसतो. त्यांच्यातल्याच एकाने पठाणकोट यायच्या आत कसल्याशा गजाने दोन फटक्यांत ते कुलूप मोडून दिलं आणि लेकीला म्हणाला, "बेटा, दूसरी चाबी हमेशा दूसरे आदमी के पास." तेव्हापासून आमच्याकडे तेच चालतं. दुसरी किल्ली दुसऱ्याकडे. स्कूटर, कपाट, सायकल, सगळ्याला हाच नियम.

यंदा परतताना अमृतसरला थांबलो. सुवर्णमंदिराच्या चारी दिशांना प्रवेशद्वारं आहेत, कुणीही कुठूनही यावं, आणि लंगर दिवसरात्र चालू. मी एकोणीस वर्षं बँकेत नोकरी करते. रोज संध्याकाळी तिजोरीला दोघींच्या दोन किल्ल्या लागल्याशिवाय ती बंद झाली असं आम्ही धरत नाही. मला त्या उघड्या दारांकडे बघून आधी भक्तिभाव दाटून यायला हवा होता. पण खरं सांगते, आधी मनात आलं ते, रात्री हे सगळं कोण बघतं?

पुण्यात परतलो तर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झालेल्या. मिळालेली जागा पक्की करायची की आणखी चांगलीची वाट बघायची, म्हणजे फ्रीझ, फ्लोट, स्लाइड, या तीन शब्दांनी आमच्या घरातला पंखासुद्धा फिरत होता. शेवटी खरगपूरला जहाजबांधणीची शाखा मिळाली आणि तिने फ्रीझ केलं. सदाशिव पेठेतल्या आत्यांना कळलं, त्या म्हणाल्या, "अगं, आपलं इंजिनिअरिंगचं सीओईपी १८५४ सालापासून इथे उभं आहे, ते काय हलणार आहे का? आणि पुण्याच्या मुलीने जहाजं कुठे बांधायची, मुठेत?" लेक म्हणाली, "आत्याआजी, खरगपूरलाही समुद्र नाहीये." ही माहिती तिने आमच्या बाजूची म्हणून दिली होती की काय, मला अजून कळलेलं नाही.

आत्यांचं तरी काय चुकलं? पुणेकराला मूल बाहेर शिकायला पाठवायची सवयच नाही. आम्ही दुसऱ्यांची मुलं ठेवून घेणारे. जून-जुलै आला की स्वारगेटला आणि शिवाजीनगरला एसटीतून उतरणाऱ्या आया दिसतात. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बादली, बादलीत उशी. 'कॉट बेसिसवर जागा मिळेल' असा कागद चिकटवलेला नाही असा विजेचा खांब आमच्या भागात सापडणं कठीण. आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर मुली राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एकीची आई लातूरहून आली होती. जाताना माझ्या दारात उभी राहिली, पदराची गाठ सोडली आणि एक किल्ली माझ्या हातात ठेवली. "ताई, एवढी एक तुमच्यापाशी असू द्या. पोरगी लई वेंधळी हाय." मग माझा नंबर घेतला आणि लिहिलेला बरोबर आहे का ते वाचून दाखवला. मी तोंडभरून हो म्हटलं. आत आल्यावर मात्र नवऱ्याला म्हणाले, किती काळजी करतात ना ही माणसं!

ही माणसं.

कुलूप घ्यायला आम्ही दोघी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. ऑनलाइन मिळालं असतं, पण कुलूप हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नये असं माझं मत आहे, आणि त्या आठवड्यात माझी सगळी मतं ऐकून घेण्याचं लेकीने बहुधा ठरवलं होतं. दुकानदाराने विचारलं, "सात लिव्हर की आठ?" मी आठ म्हटलं. ती म्हणाली, "आई, खोलीत माझी बादली आहे फक्त." सात लिव्हरवर तडजोड झाली. पितळी, मुठीत मावणारं, आणि बरोबर तारेत ओवलेल्या तीन किल्ल्या.

"एक माझ्याकडे, एक रूममेटकडे. तिसरी कशाला?" ती म्हणाली.

तिसरी मी पर्समध्ये टाकलीसुद्धा होती. त्यावर मी तिला लॉकरचा नियम ऐकवला. आमच्या लॉकररूममध्ये आधी बँकेची किल्ली फिरवायची, मग ग्राहकाची. एकटीने दोन्हींपैकी कुठलीच लॉकर उघडत नाही. ती म्हणाली, "बरं, आणि ग्राहकाने त्याची हरवली तर?" मला खरं उत्तर द्यावं लागलं. ग्राहकाच्या किल्लीची दुसरी प्रत बँकेकडे नसते. ग्राहकाला समोर उभं करून लॉकर फोडावा लागतो आणि खर्च त्याच्याच माथी.

"मग?" ती म्हणाली.

मी तुळशीबागेत वळू या म्हटलं, चिमटे घ्यायचे राहिले होते.

आझाद हिंद एक्सप्रेस पुण्याहून संध्याकाळी सुटते आणि दौंड, मनमाड, भुसावळ, नागपूर, रायपूर, बिलासपूर असा अर्धा देश आडवा कापत जाते. जवळजवळ दोन हजार किलोमीटर. साखळी बर्थखाली होतीच. कुलपाची एक किल्ली हिच्याकडे, दुसरी धाकट्याकडे. नागपूरपर्यंत मी डबे उघडत होते, नागपूरनंतर सूचना. रायपूरला ती वरच्या बर्थवर जाऊन झोपली, किंवा तसं दाखवलं. अंधारातच खरगपूरला उतरलो. तिथला फलाट १०७२ मीटर लांब आहे, एके काळी जगात सगळ्यांत लांब होता. आता हुबळीचा १५०७ मीटरचा आहे. ही माहिती धाकट्याने बादली ओढता ओढता पुरवली. लांबीची मला बॅगांमुळे चांगली खात्री पटली.

तिथे वसतिगृहाला हॉल म्हणतात. कागद, सह्या, पुन्हा कागद यात दुपार गेली. मग टेक मार्केटमध्ये सायकल घेतली, कारण त्या आवारात सायकलवाचून भागत नाही. सायकलीला मागच्या चाकावरचं गोल कुलूप होतं, तस्संच, जसं एस. पी. कॉलेजला जाताना माझ्या सायकलला असायचं. मी ते दोनदा लावून बघितलं. तोच खट्ट आवाज. दोन किल्ल्या. नियमाप्रमाणे एक तिने घेतली आणि दुसरी कुणाला द्यावी म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी हात पुढे केला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

संध्याकाळी आम्ही जुनी इमारत बघायला गेलो. १९५१ साली कॉलेज इथेच सुरू झालं. त्याआधी हा हिजलीचा बंदिवास होता, इंग्रजांनी राजबंद्यांना कोंडून ठेवण्यासाठी १९३० साली उघडलेला. १६ सप्टेंबर १९३१ ला पहारेकऱ्यांनी निःशस्त्र बंद्यांवर गोळ्या झाडल्या. संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त गेले. त्यांचे देह घ्यायला सुभाषबाबू आले होते. आणि आम्ही आलो ते आझाद हिंदने. गाडीत बसताना यातलं काहीच डोक्यात नव्हतं. आता तिथे विज्ञानाचं संग्रहालय आहे, शाळेच्या सहलीतली मुलं यंत्रांची बटणं दाबत होती. नवरा मनोऱ्याचा फोटो काढत होता. मी दारांच्या कड्याकोयंड्यांकडे बघत उभी होते. एवढ्या कोठड्या, म्हणजे कुलपं तरी केवढी असतील! त्यांच्या किल्ल्यांचे जुडगे शेवटी कुणी कुणाच्या ताब्यात दिले, त्याची कुठे नोंद झाली असेल का? बँकेत किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात गेली की वहीत दोघींच्या सह्या लागतात. लेक म्हणाली, "आई, चल आता. हॉलवर सातला सगळ्यांना बोलावलंय."

सगळ्यांना म्हणजे मुलांना. हे दारात कळलं.

सह्या न करताच ताबा दिला.

परतीच्या प्रवासात साखळीला बॅग एकच होती. घरी आल्यावर तिसरी किल्ली मी दाराजवळच्या खुंटीवर अडकवली. तिथे गुहागरची आहे, स्कूटरची आहे, पहिल्या मजल्यावरच्या मुलीची आहे. ती मुलगी खरोखरच वेंधळी आहे, दोन वर्षांत सहा वेळा येऊन गेली. यायची, किल्ली घ्यायची, दार उघडून लगेच परत आणून द्यायची. मी तिला दर वेळी चहा विचारायची, ती दर वेळी नको म्हणायची. आम्ही आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती सातव्यांदा आली. ह्या वेळी चहा घेतला. गेल्यावर मी लातूरला फोन लावला, उगाच, मुलगी बरी आहे एवढंच सांगायला. त्या माउलीने मला पाऊणतास सोडलं नाही.

ऑगस्टच्या मध्याला एका रात्री लेकीचा फोन आला. आवाज फार गोड होता, तेव्हाच ओळखलं.

"आई, किल्ली हरवली गं."

"दुसरी?"

"ती रूममेटकडे, आणि ती घरी गेली होती, कटकला. मग हॉलच्या दादांनी कुलूप कापून दिलं. अर्धा तास लागला त्यांना. म्हणाले, बहुत मजबूत है."

मला उगीचच बरं वाटलं. सात लिव्हरचं होतं, आठचं असतं तर तास लागला असता. मी खुंटीकडे बघितलं. नवऱ्याने खुणेने काय झालं विचारलं, मी हाताने थांब म्हटलं.

"मग आता?"

"टेक मार्केटमधून नवीन आणलं. छोटंसं आहे. निळं."

"किल्ल्या किती आल्या?"

"दोन. एक माझ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. ती आली ना आज परत, तिला दिली."

"बरं केलंस," मी म्हटलं. मग जेवलीस का, पाऊस आहे का, मच्छरदाणी लावतेस का, हे सगळं विचारून झालं. ती ठेवते म्हणाली.

"थांब थांब," मी म्हटलं, "त्या कटकच्या मुलीच्या आईचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"