कूलर, माइक आणि एकोणसत्तर : आमची वाटचाल

पहिल्या वर्षी आमच्या नागपूरच्या भाषणवर्गाच्या पाटीवर ‘आत्मविश्वास वाढवा’ असं लिहिलं होतं. आता ‘भाषणाची तयारी’ एवढंच आहे. हिंगणा-बुटीबोरीचे लघुउद्योजक, धरमपेठेतले कर सल्लागार, एमपीएससीच्या मुलाखतीला निघालेली मुलं-मुली, यांतल्या बहुतेकांना बोलता येतंच. चहाच्या टपरीवर हीच मंडळी अर्धा अर्धा तास रंगवून सांगतात. मंचावर त्यांचा अंदाज चुकतो तो वेळेचा, आवाजाचा, आकड्यांचा आणि सभागृहाचा. तो चुकला की घोळ होतो आणि घोळ झाला की भीती येते. आधी भीती आणि मग घोळ, असं समजून शिकवत होतो तोवर फारसं काही हाती लागत नव्हतं.

तुकडीचा आकार आम्ही गणितानं ठरवला. आधी 24 जण घ्यायचो. प्रत्येकी 3 मिनिटं भाषण आणि 4 मिनिटं चर्चा धरली तर 168 मिनिटं लागतात, वर्ग मात्र दीड तासाचा. म्हणजे अर्धे लोक नुसतं ऐकून घरी जाणार. 10 जणांचं 70 मिनिटांत उरकतं आणि उरलेल्या 20 मिनिटांत ज्यांचं फसलं ते तेच भाषण पुन्हा करतात. तिथल्या तिथे पुन्हा करणं फार कामाचं असतं. आठवडा मध्ये गेला की माणूस जुनं दुरुस्त न करता नवंच भाषण घेऊन येतो. फी मात्र वाढवावी लागली, ते काही लपवण्यासारखं नाही.

मंचावरून नीट ऐकू जाईल असं मराठी मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्दांनी चालतं. लोक 10 मिनिटांसाठी 1,100 शब्द लिहून आणतात आणि शेवटच्या पानावर धावत सुटतात. थांबे, हशा, स्लाइड बदलणं याला जागाच ठेवलेली नसते. 900 शब्द पुरे. त्यात आपल्याकडचे कार्यक्रम. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ आणि लांबलेलं प्रास्ताविक झालं की 20 मिनिटांची 12 होतात आणि वक्त्याच्या हातात ‘जरा आवरतं घ्या’ची चिठ्ठी पडते. म्हणून एकाच भाषणाचे 20, 12 आणि 5 मिनिटांचे तीन आराखडे करून घेतो. वीसमध्ये तीन मुद्दे आणि प्रत्येकाला दोन उदाहरणं, बारामध्ये तेच मुद्दे एकेका उदाहरणासह, पाचमध्ये एकच मुद्दा. पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन तिन्हींत तीच आणि तेवढीच तोंडपाठ. सगळं पाठ केलं की एक शब्द निसटला तरी पुढची माळच तुटते.

ती पहिली चार वाक्यं कसली असावीत? ऐकणाऱ्याच्या मनात आधीच असलेल्या प्रश्नाची. आपल्या गावातलाच नमुना आहे. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात मराठीत भाषण केलं आणि सुरुवातीलाच ‘या कार्यासाठी नागपूरच का’ हा लोकांच्या मनातला प्रश्न हाती घेतला. ‘आज मला इथे बोलण्याची संधी दिल्याबद्दल’ या वाक्यानं कुणाच्याच मनातल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

आता कूलर. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या छोट्या सभागृहांत डेझर्ट कूलर घरघरत असतात. वक्ता नकळत त्यांच्यावर आवाज चढवतो आणि दहाव्या मिनिटाला घसा बसतो. मंचाजवळचा कूलर भाषणापुरता बंद करायला आधीच सांगून ठेवायचं आणि मागचे चालू राहू द्यायचे. फ्रीजचं पाणी नको, माठातलंही नको, साधं पाणी ठेवायचं. टिपणं पातळ कागदावर असली तर पहिल्याच झोतात उडतात. पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्याची पाच कार्डं, कोपऱ्यात आकडे टाकून आणि दोऱ्यात ओवून घ्यायची. हातातून पडली तरी क्रम बिघडत नाही.

माइक ओठांपासून चार बोटं दूर, हनुवटीच्या किंचित खाली, तिरपा. थेट तोंडासमोर धरला की मराठीतले भ, फ, ख, थ हवेचा झोत फेकतात आणि कर्ण्यातून धप्प आवाज येतो. मान वळवली की हातही सोबत वळला पाहिजे. स्पीकरच्या समोर गेलात की शिट्टी वाजते, कारण स्पीकरमधून आलेला आवाज माइक पुन्हा उचलतो. अशा वेळी लोक माइकच्या जाळीवर हात ठेवतात, त्यानं शिट्टी बहुतेकदा वाढतेच. एक पाऊल मागे सरकावं.

आकड्यांवर आम्ही एक अख्खा वर्ग घालतो, आणि तो कमीच पडतो. नागपुरात घरी मराठी, बाजारात हिंदी, ऑफिसात इंग्रजी, त्यामुळे 69 आणि 79 समोर आले की जीभ चाचपडते. एकोणसत्तर की एकोणऐंशी? कार्डावर आकडा अक्षरांत लिहायचा. आणि 37.4 टक्के म्हणण्यापेक्षा ‘शंभरातले सदतीस’ म्हटलं तर मागच्या रांगेतल्या माणसाच्या लक्षात राहतं.

स्लाइडवर देवनागरी अक्षर 28 पॉइंटच्या खाली नको. वेलांट्या, रुकार आणि जोडाक्षरं लहान आकारात एकमेकांत मिसळतात, ठळक केली तर जास्तच. ओळींतही मोकळी जागा हवी, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. दुपारच्या उजेडात पांढऱ्यावर काळी अक्षरं वाचता येतात, निळ्यावरची पिवळी धुऊन निघतात. सगळ्यांत जास्त घात होतो तो फॉन्टचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की पडद्यावर इंग्रजी चिन्हांचा खिचडा दिसतो. सगळं युनिकोडमध्ये टंकायचं आणि पेनड्राइव्हवर पीडीएफची प्रत ठेवायची.

बोलीच्या बाबतीत आम्ही सरळ माघार घेतली. ‘पानी’ म्हणणाऱ्याला ‘पाणी’ आणि ‘डोये’ म्हणणाऱ्याला ‘डोळे’ म्हणायला लावत होतो. माणूस मग ण आणि ळ सांभाळण्यात गुंतायचा आणि मुद्दा सोडून द्यायचा. आता मुलाखतीच्या उमेदवारांशिवाय कुणाचं वऱ्हाडी वळण सुधारत नाही. वाक्याचा शेवट गिळणं मात्र चालू देत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ‘होतं’ की ‘नव्हतं’ ते तिथेच कळतं आणि नेमकं तिथेच लोक आवाज खाली टाकतात.

रेकॉर्डिंगचा मोबाइल शेवटच्या रांगेत ठेवतो. आधी नुसता आवाज ऐकायचा आणि ‘म्हणजे’, ‘तर’, ‘काय आहे ना’ किती वेळा आलं ते वहीत उभ्या रेघांनी मोजायचं. मग आवाज बंद करून नुसतं चित्र बघायचं. शेवटच्या वर्गात कूलर चालूच असतो. वक्ता 20 मिनिटांच्या तयारीनं उभा राहिला की आम्ही पुढे चिठ्ठी सरकवतो : ‘5 मिनिटं’.