आधी कुसळं काढा, मग दक्षिण जॉर्जिया

माहितीपत्रकांत पेंग्विन असतात, हिमनद्या असतात, डेकवर पेले उंचावणारी मंडळी असतात. चिमट्याने वेल्क्रोतली कुसळं उपसणारे प्रवासी मात्र एकाही फोटोत नसतात. दक्षिण जॉर्जिया या दक्षिण अटलांटिकमधल्या बेटाच्या सफरीतली खरी मेहनत तीच, आणि किनाऱ्यावर किती वेळ मिळणार हेही बरंचसं तिथेच ठरतं.

फॉकलंडचं स्टॅनले सोडलं की दोन-सव्वादोन दिवस नुसतं पाणी. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी, नंतर घेतलेली पोटात टिकत नाही. मधेच समुद्राचं तापमान काही तासांत चार-पाच अंशांनी घसरतं, धुकं दाटतं, अल्बाट्रॉस वाढतात. म्हणजे अंटार्क्टिक अभिसरण रेषा, दक्षिणेचं गार पाणी उत्तरेच्या कमी गार पाण्याला मिळतं ती, ओलांडली. साधारण याच सुमाराला लाउंजमधल्या टेबलांवर व्हॅक्यूम क्लीनर, चिमटे, उलगडलेल्या पेपरक्लिप, ब्रश आणि टॉर्च मांडले जातात आणि मजल्यामजल्याने पुकारा होतो. किनाऱ्यावर अंगावर किंवा हातात जे जे नेणार ते सगळं घेऊन यायचं.

तपासायचं ते बाहेरून आत. जॅकेटच्या मनगटाच्या पट्ट्या, टोपीची पट्टी, पँटच्या पायाशी असलेल्या पट्ट्या: वेल्क्रोची काटेरी बाजू टॉर्चच्या उजेडात तिरकी धरली की अडकलेले धागे आणि बिया दिसतात. व्हॅक्यूमने त्या निघत नाहीत, एकेक उपसावी लागते. मग खिसे. नुसते झटकून भागत नाही, पार उलटे करून शिवणीतला कचरा काढायचा. कॅमेऱ्याच्या बॅगेत आतले कप्पे उचलून तळ साफ करायचा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवून सांधे पुसायचे, कारण मागच्या खेपेची वाळू तिथेच बसलेली असते. काठीच्या टोकाची प्लास्टिकची चकती फिरवून काढायची, तिच्याखाली हमखास माती निघते. लोकरीची टोपी आणि हातमोजे सर्वात त्रासदायक. बी लोकरीत शिरलं की बोटांना लागतं पण डोळ्यांना दिसत नाही.

सह्याद्रीत वापरलेली सॅक घेऊन येणाऱ्यांना हे काम दुप्पट पडतं. इकडचा हंगाम ऑक्टोबरअखेरीस सुरू होतो, आणि त्याच सुमारास आपल्याकडे डोंगरावरचं गवत पिकून कुसळं झडायला लागलेली असतात. ती मोज्यांच्या विणीत आणि सॅकच्या पट्ट्यांच्या फोममध्ये आडवी घुसतात. मोजे नवे घ्यावेत, गेटर (बुटांवरून पोटरीला बांधायची आवरणं) घरीच ठेवावेत, सॅक निघण्यापूर्वी आतबाहेर घासून कडक उन्हात वाळवावी. खाण्याची कुठलीही वस्तू किनाऱ्यावर नेता येत नाही. आपल्या लोकांच्या जॅकेटच्या खिशात बडीशेपेचे चार दाणे किंवा तिळाच्या वडीचा चुरा निघतोच निघतो. तीळ आणि बडीशेप म्हणजे उघडउघड बियाच, तिथे हसून वेळ मारून नेता येत नाही.

बूट बहुतेक जहाजं स्वतःची देतात, गुडघ्याच्या खाली येणारे रबरी. तळव्याच्या खाचांमध्ये खडे रुततात, ते काढायला घोड्याचे खूर साफ करायचा आकडा ठेवलेला असतो. त्यानंतर व्हर्कॉन नावाच्या जंतुनाशकाच्या टबमध्ये बूट बुडवायचे. द्रावण गुलाबी असतं. रंग फिका पडला की त्यातला जोर गेला, ते बदलायचं. शेवटी प्रत्येकाने घोषणापत्रावर सही करायची. बेटाचं प्रशासकीय ठाणं असलेल्या किंग एडवर्ड पॉइंटला तिथल्या सरकारचे अधिकारी जहाजावर चढतात आणि उतरण्याच्या दारापाशी बूट उलटे करून, वेल्क्रो उघडून पाहतात. प्रत्येक दोषाची नोंद होते, टक्केवारी निघते, कमी पडली तर सगळ्यांना पुन्हा घासायला बसवतात. एकाच्या आळसाने बाकीच्यांचा किनाऱ्यावरचा वेळ जातो, म्हणून लाउंजमध्ये 'झालं की, पुरे' म्हणणाऱ्यांकडे लोक फार प्रेमाने पाहत नाहीत. कुरकुर मीही केली. पण कारण समजलं की कुरकुरीला जागा उरत नाही: बाहेरचा जीव इथे शिरला की काय होतं, हे बेटाने भोगलेलं आहे.

हे बेट साधारण १६५ किलोमीटर लांब, निम्म्याहून अधिक बर्फाखाली. कॅप्टन कुक १७७५ मध्ये इथे उतरला. पाठोपाठ सील मारणारे आले आणि त्यांच्या जहाजांतून उंदीर. जमिनीत बिळं करून राहणाऱ्या पेट्रेल-प्रायन पक्ष्यांची अंडी-पिल्लं उंदरांनी फस्त केली. अंटार्क्टिक प्रदेशात गाणारा पक्षी एकच, दक्षिण जॉर्जियाचा पिपिट. तो उंदीर नसलेल्या कोपऱ्यांत आणि किनाऱ्यालगतच्या बेटांवर तेवढा उरला. उंदीर बेटभर पसरले नाहीत त्याचं श्रेय समुद्राला भिडणाऱ्या हिमनद्यांना. दोन हिमनद्यांमधला जमिनीचा तुकडा हा एक बंद कप्पा, एका कप्प्यातला उंदीर दुसऱ्यात जाऊ शकत नव्हता. पण हिमनद्या मागे हटायला लागल्या. कंबरलँडच्या पश्चिम उपसागरातली नॉयमायर हिमनदी काही दशकांत कित्येक किलोमीटर मागे सरली आहे. तोंडाशी मोकळा किनारा पडला की कप्प्यांमधली भिंतच गेली. म्हणून घाई होती. कप्पे वेगळे आहेत तोवर एकेक साफ करता येईल, एकदा मिसळले की संपूर्ण बेट एकाच हंगामात करावं लागेल, आणि ते अशक्य. २०११, २०१३ आणि २०१५ अशा तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं, त्यानंतर वास घेणारी कुत्री बेटावर फिरवली, आणि मे २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. खर्च सुमारे एक कोटी पौंड. नॉर्वेच्या व्हेलमाऱ्यांनी १९११ मध्ये मांसासाठी आणलेली रेनडिअर हरणंही याच काळात हटवली. आता पिपिट ग्रिटविकेनच्या जुन्या व्हेल कारखान्यातल्या गंजक्या टाक्यांभोवती बागडताना दिसतो. गाभण उंदरीण एक जरी जहाजाच्या दोरावरून उतरली, तरी हे सगळं पाण्यात.

आता उतरण्याबद्दल. सेंट अँड्र्यूज बे हा किंग पेंग्विनचा इथला सर्वात मोठा तळ, अंदाजे दीड लाख जोड्या. मागे कुक, हीनी आणि बक्स्टन अशा तीन हिमनद्या, समोर उघडा समुद्र, आडोसा कुठेच नाही. त्यामुळे दोन्हीकडून मार. समुद्रावरून लाटा येतात आणि हिमनद्यांवरून थंड जड हवा उतारावरून घसरत खाली येते. सकाळी आरसा असलेलं पाणी अर्ध्या तासात फेसाळतं. वारा पंचवीस-तीस नॉटच्या पुढे गेला की झोडियाक, म्हणजे हवा भरलेल्या रबरी बोटी, उतरवत नाहीत, आधीच किनाऱ्यावर असलेल्यांना तातडीने परत बोलावतात. इथे उतरणं रद्द झालं म्हणून कुणावर चिडण्यात अर्थ नाही. पण 'नक्की उतरवू' असं तिकीट विकताना सांगणाऱ्या एजंटवर मात्र जरूर चिडावं.

लाट असली की झोडियाक नाकाऐवजी पाठीकडून किनाऱ्याला लावतात. कर्मचारी छातीभर पाण्यात उभे राहून ती धरतात. आपण बसूनच सरकायचं, उभं राहायचं नाही. आधार देताना पंजा पंजात धरायचा नाही, एकमेकांचं मनगट पकडायचं, ओल्या हातमोज्यातून पंजा सटकतो. वॉटरप्रूफ पँट बुटाच्या बाहेर सोडायची. बुटात खोचलेली पँट म्हणजे लाटेचं पाणी बुटात नेणारं नरसाळं. शून्याच्या आसपास तापमान असताना ओल्या मोज्यांनी दोन तास कुणी काढू शकत नाही. कॅमेरा ड्राय बॅगमध्ये ठेवून तोंड तीन वेळा गुंडाळायचं, एकदा गुंडाळलेलं उघडतं.

पेंग्विनपासून किमान पाच मीटर हा नियम. पेंग्विनांना तो माहीत नसतो, ते सरळ चालत येतात, मग मागे आपण व्हायचं. किंग पेंग्विन घरटं करत नाहीत. अंडं पायांवर ठेवून पोटाच्या घडीने झाकतात, साधारण ५४ दिवस, आई-बाप आळीपाळीने. शेजाऱ्याशी अंतर ठरलेलं: चोच पोचणार नाही इतकंच. त्या अंतरातून जाणाऱ्या परक्या पेंग्विनला दोन्हीकडून पंखांच्या चापट्या बसतात, तरी तो मान खाली घालून जातच राहतो. पिल्लू मोठं व्हायला वर्षाहून अधिक लागतं, त्यामुळे कधीही गेलं तरी तपकिरी लोकरीतली पिल्लं असतातच. वासाबद्दल लोक फार तक्रार करतात. मला वासापेक्षा आवाज भारी वाटला. दीड लाख जोड्यांचे कर्णे एकदम, आणि त्यात प्रत्येक पिल्लू आपल्या आई-बापाचा आवाज बरोबर ओळखतं.

फर सीलचं प्रकरण वेगळं. मोठा नर दोनशे किलोपर्यंत जातो आणि खडकाळ किनाऱ्यावर माणसापेक्षा जोरात पळतो. चावलाच तर जखम हमखास चिघळते. अंगावर आला तर पळायचं नाही. जागेवर उभं राहून काठी किंवा ट्रायपॉड खाली, त्याच्या तोंडासमोर धरायचा, आवाज करायचा. बहुतेक वेळा तो थांबतो, धाक दाखवणं एवढाच त्याचा हेतू असतो. उंच टसॅक गवतात मात्र झोपलेला सील पाय पडेपर्यंत दिसत नाही, म्हणून तिथे वाटाड्यामागे एका ओळीत चालायचं. डिसेंबरात नर किनारे अडवून बसतात आणि काही ठिकाणी पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा बोटीतूनच पाहून परतावं लागतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियालगतच्या बर्ड आयलंड या बेटावर बर्ड फ्लू आढळला, त्यानंतर नियम आणखी कडक झाले. किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅग जमिनीवर ठेवायची नाही. पेंग्विनच्या नजरेच्या उंचीवरून फोटो काढायची हौस असेल तर फिरता स्क्रीन असलेला कॅमेरा घ्यावा आणि तो हाताने खाली धरावा. लक्षणं दिसलेले किनारे बंद केले जातात, तेही ऐन वेळी.

ग्रिटविकेनला अर्धा दिवस. १९०४ मध्ये नॉर्वेच्या लार्सनने उभारलेला व्हेलचा कारखाना. बेटावरच्या सगळ्या कारखान्यांत मिळून पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. संग्रहालय छान, पोस्ट ऑफिसात गर्दी. अंटार्क्टिक मोहिमा काढणाऱ्या शॅकल्टनच्या थडग्यापाशी व्हिस्की ओतण्याचा सोहळा मात्र फारच ठरीव वाटला. शेजारी त्याचा उजवा हात असलेल्या फ्रँक वाइल्डची रक्षा २०११ मध्ये पुरली आहे, तिकडे बघायला कुणाला सवड नसते.

दक्षिण टोकाचा ड्रिगाल्स्की फ्योर्ड, म्हणजे कड्यांमधली चिंचोळी खाडी, जहाजातूनच पाहायचा. दोन्ही बाजूंना कडे, शेवटी रिस्टिंग हिमनदी. तिच्यासमोर बर्फाच्या तुकड्यांचा थर पसरलेला, आणि वारा पडला की त्या तुकड्यांतून तडतड ऐकू येते. बर्फात दाबून राहिलेली जुनी हवा सुटते तिचा हा आवाज. हिमनदीचा कडा कोसळताना आधी दिसतो, आवाज मागून येतो. आवाज ऐकून कॅमेरा उचलणाऱ्याला फक्त लाट मिळते.

रात्री खिडक्यांचे पडदे पूर्ण बंद, डेकवरचे दिवे किमान. उजेडाला भुलून प्रायन आणि डायव्हिंग पेट्रेल जहाजावर आदळतात, धुक्यात आणि बर्फ पडताना जास्त. पहाटे कर्मचारी डेक तपासतात, सापडलेले पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून कोरडे झाल्यावर सोडतात. पडदा फटीपुरता उघडा राहिला तर फोन येतो, आणि यायलाच हवा.

जहाज निवडताना लोक बाल्कनी बघतात. बाल्कनीत इथे कुणी बसत नाही, वाऱ्याने दारच उघडत नाही. बघायचा आकडा प्रवाशांचा. एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसं जाऊ शकतात. जहाजावर शंभराच्या आत असतील तर सगळे एकदम उतरतात आणि पूर्ण वेळ राहतात, दोनशे असतील तर अर्धे आत बसून वाट पाहतात. वारा फिरला की दुसऱ्या तुकडीची पाळी रद्द. पैसे वाचवायचे तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची लहान खिडकीची खोली घ्यावी, डोलणंही तिथेच सर्वात कमी. एलिफंट सीलच्या मारामाऱ्या बघायच्या तर ऑक्टोबरअखेर, फर सीलची खेळकर पिल्लं हवीत तर जानेवारीचा उत्तरार्ध. दोन्ही एका खेपेत दाखवतो म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये.