दोन लॉग पाखडताना

अंधेरीच्या ज्या कार्यालयात मी काम करतो, तेथे दिवसभराच्या व्यवहारांचा मेळ घालणारे काम रात्री 2 वाजता दोन सर्व्हरांवर एकाच वेळी सुरू होते. गेल्या पावसाळ्यात सलग तीन रात्री ते एका सर्व्हरवर सुरळीत पार पडले आणि दुसऱ्यावर मध्येच थांबले. दोन्हीकडे प्रोग्रॅम तोच, आवृत्ती तीच आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लिहीत जातो त्या नोंदवहीत, सुमारे तीन-तीन लाख ओळी. असा ढीग डोळ्यांनी वाचून काढणे शक्य नव्हते, म्हणून मी एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची फाइल, लिहायला घेतली.

प्रथम मी दोन्ही फाइली सरळ ‘डिफ’पुढे टाकल्या आणि जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळी आहे असे उत्तर मिळाले. दोष डिफचा नव्हता. 1974 साली युनिक्स या संगणक प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आलेले हे साधन दोन फाइलींत त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळी शोधते आणि उरलेल्या ओळींना फरक म्हणते. पण लॉगमधली प्रत्येक ओळ मिलिसेकंदापर्यंतच्या वेळेने सुरू होत असेल, तर समान अशी ओळ उरणार कुठून?

आधी गाळणे भाग होते, आणि गाळतानाच पहिली ठेच लागली. एक सर्व्हर भारतीय वेळ लिहीत होता आणि दुसरा यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आपली रात्रीची 2 ते 3 ही वेळ यूटीसीमध्ये आदल्या तारखेची 20:30 ते 21:30 होते; त्यामुळे दिलेला मजकूर असलेल्या ओळी वेचणाऱ्या ‘ग्रेप’ने दोन्हीकडून दोनच्या ठोक्यानंतरच्या ओळी उचलल्या, तेव्हा दुसऱ्या सर्व्हरवरून मला सकाळी साडेसातनंतरच्या, अगदीच निरुपद्रवी ओळी मिळाल्या. सुदैवाने दोन्हीकडे तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहिलेली होती. असा मजकूर अक्षरक्रमाने लावला की तो आपोआप कालक्रमानेही लागतो, म्हणून ओळी निवडण्याच्या ‘ऑक’ या साधनात सुरुवातीची आणि शेवटची वेळ देऊन मधल्या ओळी निवडणे सोपे गेले.

त्यानंतर ‘सेड’ने ओळीतला प्रत्येक आकडा पुसून त्याच्या जागी एक चौकट ठेवली, ‘सॉर्ट’ने ओळी क्रमाने लावून पुनरावृत्ती काढली आणि तीन लाख ओळींचे दोनशेच्या आसपास नमुने उरले. ते ‘कॉम’ला दिले. हे साधन फक्त पहिल्या फाइलीत, फक्त दुसऱ्या फाइलीत आणि दोन्हींत असलेल्या ओळी तीन रकान्यांत दाखवते; मात्र दोन्ही फाइली एकाच नियमाने क्रमवार लावलेल्या असाव्या लागतात, म्हणून भाषेची मांडणी ठरवणारे ‘एलसी-ऑल’ हे सेटिंग दोन्हीकडे ‘सी’, म्हणजे साधा अक्षर-संकेतांचा क्रम, असे ठेवले. या पद्धतीत ओळींचा मूळ क्रम हरवतो, पण कोणत्या प्रकारची ओळ एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही एवढेच विचारायचे असेल, तर त्यावाचून अडत नाही.

कॉमने सात ओळी दिल्या आणि सातही काम थांबल्यानंतरच्या, म्हणजे परिणामाच्या निघाल्या. कारण त्यांत नव्हतेच. दुपारी चहाच्या टपरीवर एका सहकाऱ्याने सहज विचारले, “आकडे सगळेच पुसलेस का?” मी परत येऊन मूळ फाइली उघडल्या. डेटाबेसच्या उत्तराची किती सेकंद वाट पाहायची, हे सांगणारी ओळ दोन्हीकडे होती. एका ठिकाणी 300, दुसऱ्या ठिकाणी 30. माझ्या चौकटीने दोन्ही ओळी एकसारख्या करून टाकल्या होत्या. सूप इतक्या जोराने हलवले होते की कोंड्याबरोबर दाणेही उडाले.

आता मी सरसकट आकडे पुसत नाही. वेळ, प्रक्रिया क्रमांक, व्यवहार क्रमांक आणि मेमरीचे पत्ते, म्हणजे दोन्हीकडे निराळे असणारच अशाच गोष्टी, मी त्यांच्या ठरलेल्या आकारावरून ओळखून पुसतो आणि बाकी आकडे तसेच राहू देतो. नमुने थोडे वाढतात, पण ते सोसते.

वाट पाहण्याची ही मर्यादा दुरुस्त केल्यावर काम दोन्हीकडे पूर्ण होऊ लागले. स्क्रिप्ट मात्र मी रोज पहाटे चालेल अशी ठेवली. दुसऱ्याच आठवड्यात तिचा अहवाल कोरा आला आणि घाटकोपरला मेट्रो पकडताना फोनवर तो पाहून मी निश्चिंत झालो. कार्यालयात पोहोचल्यावर कळले की स्क्रिप्ट पहिल्याच पायरीवर बंद पडली होती: ग्रेपला एकही ओळ सापडली नाही की तो 1 हा निर्गम संकेत, म्हणजे संपताना परत दिलेला आकडा, देतो; शून्याखेरीज कोणताही आकडा चूक मानला जातो, आणि चूक दिसताच थांबण्याची सूचना मीच स्क्रिप्टच्या माथ्यावर लिहून ठेवली होती. तेव्हापासून अहवालाच्या सुरुवातीला दोन्ही फाइलींच्या किती ओळी वाचल्या, तो आकडा छापला जातो.