पाचवं मानपत्र

मानपत्राचा मजकूर लिहायचा, छापायचा आणि चौकटीत बसवून द्यायचा, हा माझ्या सावंतवाडीतल्या दुकानाचा बारमाही धंदा. निवृत्त मुख्याध्यापक, कुणाची पंचाहत्तरी, सोसायटीचे चेअरमन. ‘आपल्या असामान्य कर्तृत्वाने’पासून सुरू होणारा मजकूर संगणकात तयारच असतो, नाव बदललं की काम झालं. आरोंद्याच्या बाजूच्या एका गावातल्या फुटबॉल क्लबाची पोरं चार नावं घेऊन आली, तेव्हाही मी तेच करणार होतो. पण चारही नावांपुढे एकच ओळ होती: ‘ऐतिहासिक उपविजेत्या संघातील हयात खेळाडू’. इतिहास कसला, ते पोरांनाही सांगता येईना. म्हणून स्कूटर काढली.

आधी गोलकीपर भेटला. खळ्यात सोलं वाळत घालत होता. त्याच्या लहानपणी तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगीज होते आणि पलीकडे दिलेली आत्या म्हणजे परदेशातली आत्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, खाडी मोकळी झाली. त्यानंतर पाच-सात वर्षांनी गावच्या संघाने पलीकडच्या एका ढालीसाठी नाव दिलं. तिकडे खाणमालक फुटबॉल पोसत होते, साळगावकरांचा क्लब तर १९५६ पासूनचा. इकडे एका काजूच्या व्यापाऱ्याने तरीचं भाडं आणि एसटीचे पैसे दिले, बस्स.

अडचण बुटांची होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. मोठ्या शहरातला नियम हळूहळू आमच्या खाडीपर्यंत पोचला. मागून, उसनवारी करून अकरा जोड जमले. त्या बुटांचे स्टड चामड्याचे, तळाला खिळ्यांनी ठोकलेले. चिऱ्याच्या कडक मैदानावर स्टड झिजायचे आणि खिळा उलटा तळव्यात घुसायचा. गोलकीपरने पाय वर करून जुना वण दाखवला. मला काही दिसलं नाही, पण मी मान डोलावली.

उपांत्य सामन्याची हकीकत मात्र तिघांकडून ऐकली आणि तीन तऱ्हांनी. मुद्दा एवढाच की, तेव्हा बदली खेळाडू उतरवायची सोय नव्हती. विश्वचषकातसुद्धा ती १९७० साली आली. कुणी जायबंदी झाला तर दहा जणांनी खेळायचं, नाही तर लंगड्याला कडेला उभा करायचा, म्हणजे निदान समोरचा एक माणूस त्याच्यावर लक्ष ठेवण्यात अडकतो. आमच्या बॅकचा घोटा सुजला, तर त्याला लेफ्ट आउटला पाठवला. याचं काय भय, म्हणून समोरच्यांनी त्याला मोकळाच सोडला. शेवटी शेवटी बॉल त्याच्याकडेच आला आणि त्याने दुसऱ्या पायाने आत ढकलला.

सेंटर फॉरवर्डला मी विचारलं, गोल तुमचा ना? “माका काय इचारतस? मी मारूक नाय. लंगड्यान मारल्यान.” हा सेंटर फॉरवर्ड पुढे मुंबईला गिरणीत लागला, तो खेळाच्याच जोरावर. टाटा, मफतलाल, महिंद्र असे कंपन्यांचे संघ तेव्हा नावाजलेले होते. चांगला पाय असला की नोकरीची आशा असे. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि तो गावी परतला. ते त्याने एका वाक्यात उरकलं. गोलावर मात्र अर्धा तास.

लंगडा म्हणाला, लिहायचं तर रिझर्व्हाबद्दल लिही. हे नाव माझ्या यादीत नव्हतं. यादी तेव्हाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेवरून केलेली आणि तिच्यात अकराच नावं. बारावा सुताराचा पोर. स्पर्धाभर तो एक मिनिटही मैदानात उतरला नाही. मध्यंतरात हातोडी घेऊन सगळ्यांचे बूट उलटे करून खिळे ठोकायचा. उतरला असता तरी घालायला जोड नव्हताच.

मी त्याच्या घरी गेलो. “मी खेळलंय खय? माका शाल घेवची लाज वाटतली,” म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला.

मंडळाचं म्हणणंही तसंच पडलं. खेळलाच नाही तर खेळाडू कसा? शिवाय शाली चारच आणलेल्या. मला विचाराल तर शालीचाच प्रश्न असावा. मी गोलकीपरला फोन केला. “तो नाय तर आमीय नाय,” एवढं बोलून त्याने फोन ठेवला. पाचवी शाल आली.

पाच मानपत्रं मी पाच तऱ्हांनी लिहिली. ‘असामान्य कर्तृत्व’ एकातही नाही. पाचव्यात लिहिलं की, या गृहस्थांनी गावाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं ते हातोडीने. वाचून दाखवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं. त्या ओळीला मंडपात हशा पिकला. म्हातारा हसला नाही. “मोळे माझ्या घरचे होते, ता पण लिव,” एवढंच म्हणाला. मी तिथेच पेनाने लिहिलं.

आभार व्हायचे होते, तेवढ्यात सेंटर फॉरवर्डने माइक मागितला. अंतिम सामना ते एका गोलाने हरले होते. “ऑफसाइड होतो तो!” तो म्हणाला. “लाइनमन तेंचोच होतो.” लंगड्याने बसल्या जागेवरून सांगितलं, नव्हता, ती चूक माझीच होती. मग गोलकीपर उठला. प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. नारळ हातात घेऊन ते पायऱ्या उतरले, तेव्हा वर टेबलावर पाण्याचे पेले मांडून बचावफळी कुठे उभी होती ते दाखवणं चाललं होतं. रिझर्व्ह पेले सरकवत होता.