विटीदांडूची फिल्म : टोल्याचा शॉट

पोराचं चालणं, गल खणणं आणि मागचं मैदान मागेच हातावेगळं झालं. आता ज्याच्यासाठी ही हाताने काढलेली अ‍ॅनिमेशन फिल्म करायला घेतली तो शॉट. पोरगा विटीच्या टोकावर दांडू मारतो, विटी उडते आणि खाली यायच्या आत टोला बसतो. पडद्यावर हे सगळं जेमतेम दोन सेकंदांचं.

आधी उडण्याचं गणित. विटी उडून परत जमिनीवर यायला एक सेकंद धरला, तर अर्धा सेकंद वर, अर्धा खाली, आणि उंची भरते सव्वा मीटरच्या आसपास. दहा वर्षांच्या पोराच्या खांद्याच्या जरा वर. उतरत्या विटीला कमरेशी टोला हाणायला एवढं पुरतं. ऑन टूज काढलं, म्हणजे सेकंदाच्या २४ फ्रेम्समध्ये एकेक चित्र दोन-दोन फ्रेम्स ठेवलं, तर सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे वर जायला सहा टप्पे. सगळ्यात वरच्या बिंदूपासून खाली मोजत आलं की टप्प्यांमधली अंतरं १, ३, ५, ७, ९, ११ अशी वाढतात. उंचीचे ३६ भाग पाडले की झालं. या खुणांचा कागद लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या काचेवर) कायम तळाशी असतो. नुसत्या नजरेच्या अंदाजाने काढलेली विटी वर पोचल्यावर क्षणभर रेंगाळत नाही, आणि मग ती लाकडाची वाटत नाही.

खरी मेख आहे फिरण्यात. विटी दोन्हीकडे टोकदार, त्यामुळे अर्धा फेरा झाला की ती पुन्हा होती तशीच दिसते. दोन चित्रांमध्ये ती ९० अंशांहून जास्त फिरवली की डोळा जवळचा रस्ता पकडतो आणि विटी उलटी फिरू लागते. बरोब्बर ९० ठेवले तर कुठल्या बाजूला फिरतेय हेच कळत नाही. जुन्या सिनेमांत टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात, त्याचंच हे भावंड.

मी ७५ अंश धरले. ऑन टूजमध्ये त्याचे सेकंदाला अडीच फेरे होतात, ते फारच संथ. मैदानातली विटी भिरभिरत जाते. म्हणून विटी तेवढी ऑन वन्सवर नेली, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र. अंश तेच ७५, पण सेकंदाला पाच फेरे. खुणाही मग ३६ ऐवजी १४४ भागांच्या. चित्रं दुप्पट झाली खरी, पण ती फक्त विटीची. पोरगा वेगळ्या लेव्हलवर, म्हणजे चित्रांच्या वेगळ्या थरावर आहे, तो निवांत ऑन टूजच राहतो. शिवाय विटीचं एक टोक गडद केलं. मातीत लोळलेल्या विटीला ते शोभतंही. तिच्यामागे वेगाच्या रेघा ओढायचा पर्याय होता, पण मला तो आवडत नाही, लगेच कॉमिक्स वाटायला लागतं.

टोल्याच्या वेळी दांडू विटीला टेकलाय असं चित्र मुद्दाम काढलेलं नाही. आधीच्या फ्रेमला दांडू मागे, पुढच्या फ्रेमला तो पंख्यासारखा ताणलेला आणि विटी हातभर लांब. फटका असा जास्त जोरात लागतो. ‘टक्’ आवाज चित्राच्या एक फ्रेम मागे ठेवलाय, एकदम बरोबर ठेवला तर तो आधी वाजल्यासारखा वाटत होता.

कागदाचं थोडं. ऑफिसच्या साध्या दोन भोकांच्या पंचवर भागतं. भोकं ६ मिमीची, त्यांच्यामधलं अंतर ८० मिमी, म्हणून ६ मिमीच्या दोन खुंट्या पट्टीवर बसवल्या की सगळे कागद एकाच जागी धरणारा पेग बार तयार. पण पावसाळी हवेत कागद फुगतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. एका शॉटचे सगळे कागद एकाच रिममधले, एकाच दिशेने पंच केलेले असले की निदान सगळे सारखे तरी फुगतात. भोकं सैल झाली की चिकटपट्टी लावून पुन्हा पंच.

फोटो मोबाइलनेच, स्टँडला उलटा टांगून. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्याची लुकलुक त्यात मावून जाते. पुढचं जोडकाम ओपनटून्झ या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये.

आता विटी पडते तिथली धूळ काढायची आहे. कोरड्या मातीत काही आपटतानाचं स्लो मोशन शूटिंग कुणाकडे असेल तर पाठवा. माझ्याकडे सध्या फक्त चिखल आहे.